अकरा दिवस एकही चूक नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय सोक दोंगग्यू साहेब, गुडघे कुरकुरत असतानाही खास मोकपोहून आलेले आपले माजी विभागप्रमुख आदरणीय ग्वाक छांगसिक साहेब, जिच्यासाठी हे सभागृह आज खचाखच भरलं आहे ती आपली सत्कारमूर्ती येओम मालसुन ओन्नी, ओन्नीच्या दोन्ही मुली आणि जावई, पहिल्या रांगेत बसून मघापासून संत्री सोलणाऱ्या तिच्या तिन्ही बहिणी, सोल्डरिंग विभागातल्या मैत्रिणींनो आणि माझ्या सहकाऱ्यांनो, आपणा सर्वांना वाकून नमस्कार करते.

मी नामगुंग हेरान. नियंत्रण-प्रणाली विभागाचं काम पाहते. मला सात मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या तिघांनाही सातच दिली होती, हे मी फक्त नोंदवून ठेवते. स्वयंपाकघरातून येणारा वास मलाही येतोय. तरी थोडी कळ काढा.

आज सकाळी ओन्नीने मला जिन्यात गाठलं. ओन्नी म्हणजे मोठी बहीण, पण हिची हाक सख्ख्या बहिणीपेक्षा जरबेची. म्हणाली, "हेरान, ते जुनं प्रकरण काढायचं नाही हं. दोन बरे शब्द बोल, फुलं दे आणि गपचूप खाली उतर." मी मान हलवली. मान हलवली म्हणजे कबूल केलं असं थोडंच आहे? सोळा वर्षांपूर्वीच्या एका चुकीवर चुकीच्या माणसाचं नाव लागलंय. कागदोपत्री लागलंय. ओन्नी निवृत्त होतेय, सोमवारपासून कामावर येणार नाही, आणि मग ते नाव तिथंच कायमचं राहील. म्हणून ते आज, तिच्यादेखत, तुम्हा सर्वांदेखत काढायचं आहे. बघा, आत्ताच ती मला हाताने खूण करतेय. मला दिसत नाही आहे, ओन्नी. दिव्याचा उजेड फार डोळ्यांवर येतोय.

ओन्नीचं कौतुक आधी करते, नाहीतर गुच्छ आणून उपयोग काय? आपण कोबीची किमची मुरवून ठेवायच्या फ्रिजचा मेंदू बनवतो. थंड किती ठेवायचं, किमची मुरवायची किती दिवस, मुरली की गार करून टिकवायची कशी, हे ठरवणारी ती हिरवी सर्किटची पट्टी आणि तिच्यातला प्रोग्राम. ओन्नी या हानाम औद्योगिक वसाहतीत एकविसाव्या वर्षी आली ती सोल्डरिंगच्या बाकावर. पंधरा वर्षं तिने पट्ट्यांना डाग दिले. मग कंपनीने कोपऱ्यात प्रोग्रामरांची खोली काढली, तेव्हा कुणीतरी ठरवलं, या बाईची नजर तीक्ष्ण आहे, हिला तिकडे पाठवा.

तिथे काम काय होतं, ते बहिणींसाठी सांगते. प्रोग्राम तयार होताना कॉम्प्युटर बडबडतो. ही फाइल घेतली, ती जोडली, अमकं ठीक, तमकं ठीक. चाळीस चाळीस हजार ओळी. आणि त्या बडबडीत मध्येच कुठेतरी एका ओळीत सांगतो की बाबांनो, इथे चुकलंय. आमचे इंजिनिअर साहेब लोक या ओळी वाचायला तयार नव्हते. मग त्या कागदावर छापायच्या आणि ओन्नीने पोलादी पट्टी धरून, तांबड्या पेन्सिलने, तांदळातले खडे वेचावेत तशा चुका वेचायच्या. कुणीतरी विचारलं, अहो, तुम्हाला इंग्रजी येतं का? ओन्नी म्हणाली, "नाही येत. पण कुणी शिवी दिली की मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. ओळींनासुद्धा चेहरा असतो."

दोन वर्षं तिने कागद वाचले. मग वैतागली. आमच्या प्रोग्रामिंगच्या साधनात एक सोय असते. कुठल्या धाटणीची ओळ आली की तिला चूक म्हणायचं, कुठल्या ओळीला नुसता इशारा म्हणायचं आणि कुठली सोडून द्यायची, याचे नियम आपण लिहून ठेवू शकतो. मग साधन स्वतः ओळी चाळतं. चूक लाल, इशारा पिवळा, बाकीची माहिती करडी. लाल ओळीवर बोट टेकवलं की नेमकी जागा उघडते. ही चाळणी लावायला आमच्यातल्या एकालाही सवड नव्हती. ओन्नीने दोन महिने एक जाडजूड पुस्तक उशाशी घेऊन ते शिकून घेतलं. अवघड अशासाठी की आमची तीन साधनं तीन तऱ्हांनी तक्रार करतात. एक आधी जागा सांगतं, मग दुखणं. दुसरं आधी किंचाळतं आणि जागा विचारली तर सांगतं. तिसरं नुसतं पुटपुटतं. ओन्नी म्हणायची, "मला काही जड गेलं नाही. माझ्या तिन्ही बहिणी अशाच आहेत." हसू नका, ताई. मी फक्त निरोप पोचवला.

या चाळणीची एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. नियम वरून खाली लावलेले असतात. वरच्या नियमाने जी ओळ उचलली ती त्याचीच झाली. खालच्यांना ती दिसतच नाही.

आता २००९ सालचा ऑक्टोबर. मी नवी होते, चाचणीच्या मुदतीवर. डोक्यात पदवीचा वारा आणि खिशात काही नाही. किमजांगचा मोसम तोंडावर आलेला. घरोघरी हिवाळ्याची किमची घालायच्या आत नवे फ्रिज दुकानांत पोचायचे होते आणि त्यांचा प्रोग्राम आमच्याकडून जायचा होता. त्यातच आपली नवी प्रयोगशाळा तयार झाली आणि बारा तारखेला तिचा गोसा, म्हणजे नव्या जागेची पूजा, ठरला. थोरले संचालक साहेब तेव्हा हयात होते, ते स्वतः येणार होते. टेबलावर हसऱ्या चेहऱ्याचं उकडलेलं डुकराचं डोकं, तांबड्या दाण्यांचा थर दिलेली वाफवलेली तांदळाची वडी, माक्कोल्लीचे, तांदळाच्या दारूचे, वाडगे. सगळं साग्रसंगीत. आणि त्या डोक्याच्या बरोबर मागे, भिंतीवर, आमच्या सामायिक कॉम्प्युटरची चाळलेली यादी दाखवणारी मोठी स्क्रीन. त्या दिवशी सकाळी ती यादी लालभडक होती.

ग्वाक साहेब आत आले, स्क्रीन पाहिली आणि त्यांच्या कपाळावर शीर उठली. "आज गोसा आहे! देवासमोर रक्तासारखं लाल काय लावून ठेवलंय? थोरले साहेब यायच्या आत मला त्या भिंतीवर लाल दिसता कामा नये!"

आता हे ऐकून शहाण्या माणसाने स्क्रीन बंद केली असती. पण मी पदवीधर. मी चाळणी उघडली आणि अगदी वर, सगळ्यांच्या डोक्यावर, एक नवा नियम बसवला. कुठलीही ओळ येवो, तिला करडी म्हण. नियमाला नाव दिलं, "गोसा, जेवणापर्यंत". एका क्षणात भिंत कशी शांत, सात्त्विक, राखाडी झाली! ग्वाक साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थोरल्या साहेबांनी नमस्कार केला, आम्ही रांगेने नमस्कार केले, मग डुकराचं डोकं कापलं, माक्कोल्ली ओतली. जेवण इतकं छान झालं की मी नियम काढायचं साफ विसरले.

ओन्नी कुठे होती, असं तुम्ही विचाराल. मधल्या ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती दोन आठवडे रजेवर, इस्पितळात त्यांची सेवा करत होती.

दुसऱ्या दिवशी यादीत एकही चूक नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा झाला, नाही. आपापल्या टेबलावर ज्याचं त्याचं काम नीट चालत होतं, सगळ्यांचं एकत्र जोडायचं काम सामायिक कॉम्प्युटरचं, आणि तो तर म्हणतोय सारं कुशल आहे! खोलीत आनंदीआनंद. डुक्कर पावलं हो, डुक्कर पावलं! ग्वाक साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन डोकी ठेवू." तपासणीची यंत्रं नव्या प्रयोगशाळेत हलवली होती, त्यांच्या वायरी अजून जोडायच्या होत्या, पण काळजी कुणाला? शुक्रवारी आम्ही टाळ्या वाजवून प्रोग्राम फ्रिजच्या कारखान्याला पाठवून दिला.

मंगळवारी ओन्नी पर्सिमन फळांची पेटी घेऊन हजर झाली. यादीकडे पाहिलं.

"एकही नाही?"

"एकही नाही, ओन्नी! गोसा फळला!"

"किती दिवस?"

"अकरा."

तिने पेटी खाली ठेवली. "अकरा दिवस? म्हणजे तुम्ही नऊ जणांनी कामच केलं नाही, की मी नाही हे बघून वरून देव उतरला आणि लिहून देऊन गेला?"

तिने यादी बंद केली. कॉम्प्युटरची मूळ बडबड उघडली, न चाळलेली. खणातून ती जुनी पोलादी पट्टी काढून स्क्रीनवर धरली आणि ओळ ओळ खाली सरकू लागली. मी मागे उभी होते. कितव्या तरी ओळीला मला एकदम तो नियम आठवला आणि माझी पाचावर धारण बसली. वीस मिनिटांत तिची पट्टी थांबली. दोघांनी आपापल्या फायलींत दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं होतं. त्यामुळे जोडणी होत नव्हती. नवा प्रोग्राम अकरा दिवसांत एकदाही तयार झाला नव्हता. जुनी फाइल तिथं पडून होती आणि आम्ही तिलाच नवा क्रमांक चिकटवून धाडलं होतं. त्या जुन्या प्रोग्रामात खोड होती. किमची मुरली तरी तो फ्रिज गार करायचा नाही, मुरवतच बसायचा.

मग तिने चाळणी उघडली. सगळ्यांत वरचा नियम वाचला. "गोसा, जेवणापर्यंत." माझ्याकडे वळली आणि अगदी मायेने विचारलं, "झालं का गं तुझं जेवण?"

आज हसू येतंय. तेव्हा मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

नियम काढल्याबरोबर सत्तेचाळीस लाल ओळी उगवल्या. ओन्नीने कारखान्याला फोन करून काम थांबवलं. बाराशे चाळीस पट्ट्यांत जुना प्रोग्राम भरून झाला होता. ती आणि मी ट्रकमध्ये बसून तिकडे गेलो आणि दोन दिवस एकेक पट्टी काढून पुन्हा भरली. तिथल्या बायकांनी तक्रार न करता हात लावला, कारण ओन्नीचा हात बघून त्यांनी ओळखलं, ही आपल्यातली आहे. तीन फ्रिज घरी वापरून बघायला बाहेर गेले होते. दोन परत मिळाले. तिसरा कुठे गेला, कुणी सांगेना. आम्ही तो नाद सोडला आणि म्हटलं, जीव भांड्यात पडला.

तिसरा फ्रिज नाजू गावात होता. ग्वाक साहेबांच्या सासूबाईंकडे! साहेबांनी हळूच भेट पाठवला होता. साहेब, हसताय ना? मग मी पुढे बोलते. दहा दिवसांनी, भर बैठकीत साहेबांचा फोन वाजला, आणि सासूबाईंचा आवाज टेबलाच्या या टोकापर्यंत ऐकू आला. "जावईबापू, मोठे साहेब आहात म्हणे तिथे! तीस कोबी घातले होते मी! झाकण आपोआप उघडतंय आणि वासाने मांजर घर सोडून गेलंय!" साहेबांनी पुढे महिनाभर आंबट किमचीचा रस्सा खाल्ला, असं ऐकते.

तोवर "होतं असं कधी कधी" म्हणणारे साहेब त्या दिवशी पेटले. टेबलावर मूठ आपटून त्यांनी विचारलं, "चाळणीला हात कोणी लावला?"

माझ्या चाचणीच्या मुदतीचे एकोणीस दिवस उरले होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. टेबलाखाली ओन्नीची सपात माझ्या सपातेवर इतक्या जोरात पडली की आवाज बाहेरच येईना. आणि ती उभी राहिली. "साहेब, चाळणी माझी आहे. ती उघडी टाकून मी रजेवर गेले, ही माझी चूक."

नंतर जिन्यात मी रडायला लागले. ती म्हणाली, "गप. मला फार तर शिव्या पडतील. तुला घरी पाठवतील. मला शिव्या परवडतात."

तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, की त्याच हिवाळ्यात बढतीची यादी निघणार होती आणि तिच्यात तिचं नाव होतं. शाखाप्रमुख, येओम मालसुन. सोल्डरिंगच्या बाकावरून तिथवर पोचणारी पहिली बाई ठरली असती. जानेवारीत त्या नावावर रेघ आली आणि शेजारी शेरा, "निष्काळजीपणा. बढती स्थगित." स्थगित म्हणे! सोळा वर्षं कुणी ती स्थगिती उठवली नाही, कारण कुणी तो कागद उलटून पाहिला नाही. मी तेव्हा म्हटलं, मी जाऊन सांगते. ती म्हणाली, "आता सांगितलंस तर दोघींचं जाईल. आधी काम शीक."

मी काम शिकले. तिनेच शिकवलं. आणि २०१७ साली मी शाखाप्रमुख झाले. जी खुर्ची तिची होती तिच्यात बसले, आणि तिने शेजारच्या टेबलावरून उठून सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणाल, बिचारी हेरान, तिला ओन्नीने बोलू दिलं नाही. छे हो! पहिली तीन वर्षं तिने अडवलं. पुढची तेरा वर्षं मला कुणीही अडवलं नव्हतं. मी घाबरत होते. मग सवय झाली. सवय झाल्याची मला जास्त लाज वाटते.

अध्यक्ष महाराज, आपल्यासमोरच्या फुलदाणीखाली एक पाकीट आहे. ते मी ठेवलं आहे. चाळणीच्या जुन्या फायली आपण जपून ठेवतो. त्यात कुठला नियम कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता घातला ते कॉम्प्युटरने स्वतः लिहून ठेवलेलं असतं. १२ ऑक्टोबर २००९, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं, पहिला नियम, माझं नाव. ते छापून सोबत जोडलं आहे. माझा अर्जही आहे. तो शेरा ओन्नीच्या कागदावरून काढावा आणि माझ्या कागदावर लिहावा. माझं काय करायचं ते सोमवारी ठरवा, मी हजर असेन. आणि हे स्मृतिचिन्ह. याची जबाबदारी माझ्याकडे होती. ओन्नीच्या नावाआधी हुद्द्याची जागा कोरी दिसतेय ना? कोरणारा विसरला नाही. मी त्याला कोरी सोडायला सांगितली. तिथे काय यावं, ते आपण ठरवायचं आहे.

काय म्हणालात, ग्वाक साहेब? जरा मोठ्याने, मागे ऐकू जाऊ दे. "लाल दिसता कामा नये, हे मी म्हणालो होतो. ती रेघही मीच मारली." होय साहेब. म्हणाला होतात आणि मारलीही होतीत. मी आज ते तुमच्या नावावर घालणार नव्हते. उभे नका राहू, गुडघे दुखतील. बरं, राहा.

ओन्नी, तू मात्र बस. बस गं. मुलींनो, तिला धरा. आज तुझी सपात इथवर पोचत नाही. रडू नकोस, मी रडले तर वाचता येणार नाही, आणि ही शेवटची पानं माझ्या गिचमिड अक्षरात आहेत.

अध्यक्ष साहेबांनी पाकीट फोडलं आहे. पेन काढलं आहे. मी खाली बघून बोलते, नाहीतर माझा धीर सुटेल.

या कार्यक्रमासाठी सकाळपासून राबणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मंडळींची, पाटी रंगवणाऱ्या सहकाऱ्यांची, नाजूच्या त्या आजींची, ज्यांनी फोन केला नसता तर ही गोष्ट कुणाच्या लक्षातही राहिली नसती, आणि सात मिनिटांवर डोळेझाक करणाऱ्या सूत्रसंचालकांची मी मनापासून ऋणी आहे. भाषण संपवताना, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घ्या, असं म्हणायची रीत आहे. माझं आज बोलण्यात काही चुकलेलं नाही. चुकलं ते सोळा वर्षं न बोलण्यात. ओन्नी, तेवढं पोटात घे.